परतावा नाही

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर
केतुल बसतो. दोन खुर्च्या, एक पंखा,
भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर, मागच्या वर्षीचं.
"मासी, फी समजावू?" म्हणाला.
चौतीस वर्षं सहकारी बँकेत कॅशियर होते, बाळा.
तू नुसता कागद दे.

व्हिसाची फी पौंडात. पण पौंडाचा भाव त्यांचा,
आज सकाळच्या पेपरातला नव्हे;
माणशी चारेकशे रुपये तिथेच गळतात.
मग सेंटरचा सर्व्हिस चार्ज. कुरियर.
मोबाइलवर निरोप हवा तर त्याचे वेगळे.
निरोपाला पैसे! आमच्या शेजारच्या मंदाबेन
न विचारता फुकट देतात.
सोफ्यावर बसून थांबायचं असेल तर त्याचे निराळे.
फोटोत कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही.
आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
व्हिसा मिळो न मिळो, पैसे परत नाहीत.
"पाछा नहीं मळे," केतुलनं बोट ठेवून वाचलं,
जणू बाकी सगळं मला कळेल, तेवढी ओळ कळणार नाही.

हे म्हणाले, दोघांची फी कशाला?
तू जा. मी इथे मांजर सांभाळतो.
आमच्याकडे मांजर नाही.

फॉर्मात एक रकाना होता:
याआधी दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखल्या जात होतात का?
हो. इंदू घोरपडे.
मग ह्यांनी तांदळात अंगठीनं हेमलता लिहिलं
आणि ते तसंच पुढे रेशनकार्डावर, पासबुकात,
ऋजुताच्या शाळेच्या दाखल्यावर गेलं.
अडतीस वर्षांत इंदूची चौकशी कुणी केली
तर ती परक्या सरकारनं.
"ह्या नावाचे वेगळे पैसे?" मी विचारलं.
केतुल हसला नाही. यादी वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला,
"ना मासी. ए फ्री."

बोटांसाठी अमदावादला जावं लागतं.
काचेखाली हिरवा उजेड. आधी चार बोटं, मग अंगठा.
यंत्र म्हणालं, पुन्हा.
पुन्हा.
खुर्चीतल्या मुलीनं ओला रुमाल दिला, क्रीम दिलं,
मग म्हणाली, कपाळाला घासा, थोडं तेल येतं.
"काकी, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत."
असतील कुठून?
ओल्या स्पंजावर टेकवून टेकवून
लोकांच्या नोटा मोजल्या,
मिलचे पगार, दिवाळीचे बोनस, विधवांची पेन्शनं.
रोज थोडा थोडा अंगठा त्यांच्याबरोबर गेला असणार.
दिवसाअखेरी रोकड पैशाला पैसा जुळायची,
म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.
सातव्यांदा यंत्रानं घेतलं.
काय दिसलं त्याला, कोण जाणे.

पैसे कार्डावरनं गेले, दोघांचेही.
एवढी रक्कम, आणि एका नोटेला हात लागला नाही.
मी उगाच तर्जनी जिभेला लावून ठेवली होती.

परतीच्या मेमूत हे शेंगा सोलत बसले.
मी वही काढली. रक्कम लिहिली, समोर खातं सुचेना.
प्रवास? प्रवास अजून झाला नाही.
अनामत? अनामत परत येते.
सहा वर्षांत नातवाला फोनवर
माझी फक्त हनुवटी ओळखता येते.
हे कुठल्या खात्यात?

वासद सोडून गाडी पुलावर आली.
डब्यातल्या बाया उठल्या, हात जोडले, नाणी काढली.
ह्यांनी न बोलता पाचाचं माझ्या हातावर ठेवलं.
मी टाकलं. टण्ण करून ते कुठेतरी लोखंडाला लागलं,
पाण्यात पडलं की नाही, दिसलं नाही.
पावती कुणी दिली नाही, कुणी मागितलीही नाही.

वहीत लिहिलं: मही, रुपये पाच.
वरची ओळ अजून तशीच आहे.