दम_घ्या

सेलूच्या मोंढ्यात काटा अडतो,
दर शंभराव्या पोत्याला, पाच मिनिटं, मुका.
तोष्णीवाल म्हणाले, "मॅडम, हे कामून थांबतंय?
सोयाबीनची आवक बघा. काढून टाका ते."

लिहिणारा चिद्रवार, नांदेडचा. वारला त्याला सहा वर्षं झाली.
सोर्स कोड त्याच्या कॉम्प्युटरसोबत भंगारात गेला.
उरलंय ते एक गाठोडं, डॉट ए शेपटीचं,
कंपाइल होऊन गोठलेल्या तुकड्यांचं.

ते वाचायला सी-मध्ये चार ओळी लिहिल्या.
पहिले आठ बाइट: ओळख पटली.
मग साठ बाइटांचं शीर्ष, नावाच्या जागी नुसती तिरकी रेघ,
म्हणजे इथं माल नाही, मालाची यादी आहे.
पुढच्या चार बाइटांत, नावं किती ते.
वाचलं:
अठ्ठ्याहत्तर कोटी पंच्याऐंशी लाख आणि वर काही.

अख्ख्या मराठवाड्यात एवढी माणसं नाहीत.
मग आठवलं, तहसिलीतल्या निजामाच्या काळच्या वहीचं
आपण मागचं समजतो तेच पान पहिलं असतं.
बाइट उलटे मांडले.
सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस पत्ते, त्यांच्यामागे नावं,
प्रत्येकाच्या शेवटी एक शून्य,
रोमन अक्षरांत मराठी:
वजन_घे
बारदान_वजा_कर
हमाली_धर
पावती_फाड
आणि एकेचाळिसावं, दम_घ्या.

बाकी सगळ्यांना अरे-तुरे.
हे एकच अहो-जाहो.

पत्ता धरून त्या तुकड्यापाशी गेले.
शीर्षात तारीख सेकंदांत होती. मांडून पाहिली:
दिवाळीनंतरची कुठलीशी रात्र, दोन वाजून दहा.
तुकड्याच्या आपल्या यादीत यू लागलेलं एकच नाव, स्लीप.
नाव आहे, पत्ता नाही.
झोप त्या गाठोड्यात नव्हतीच,
ती बाहेरून यायची.
बाकी आत फार काही नाही.
तीनशे ठेव, तिला हाक मार, परत ये.

बाहेर शंभरावं पोतं चढलं. काटा मुका झाला.
इसाकभाईंनी पाठीवरचं बारदान अंथरलं, बसले.
खंडूनं तांब्या पुढं सरकवला.
"दर टायमाला आसंच," इसाकभाई वर न बघता म्हणाले,
"मशीन हाय. तापत आसंल."

"सापडलं का?" तोष्णीवालांनी गादीवरूनच विचारलं.

"तापतं," मी म्हणाले. "एवढं लागतंच त्याला."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं.
अजून दोन मिनिटं होती.