ढिला सोड

एक हिसका म्हणजे ठीक आहे.
दोन म्हणजे दोर ढिला सोड.
चार आले, तर विचारायचं नाही,
ओढायचं.
एवढीच भाषा हैबतीनानांनी मला शिकवली,
नेव्हीतून सुटून कोरेगावला आले
आणि विहिरीत पडलेल्या मोटारी काढू लागले तेव्हा.

त्याआधी ते समुद्रातले बॉम्ब काढायचे.
दुसऱ्या लढाईतले,
कुणी टाकून दिलेले, कुणाचे चुकलेले,
चाळीस-पन्नास वर्षं गाळात.
"गाळ उठला की डोळे नुसते तोंडावर असत्यात.
बोटांनी वाचायचं.
वर कालवं चिकटल्याली, आत खेकड्याचं बिऱ्हाड,
पत्रा पापडागत.
आन् लढाई संपली हे
त्येला अजून कुणी सांगितल्यालं नसतं."

सगळे काढले का, मी विचारलं होतं.
विडी विझवत म्हणाले, "कुठलं.
लई खोल असला तर नकाशावर ठिपका द्यायचा
आन् पुढं जायचं."

परवा लालासाहेब भोइट्यांच्या आल्याच्या रानात
साठ फूट विहीर, मोटारीची वायररोप तुटलेली.
नाना टाकी बांधून उतरले.
एक हिसका.
बऱ्याच वेळानं आणखी एक.
मग दोर गप्प झाला.
ढिला नाही, ताठ नाही,
खाली कुणी खुंटीला बांधून ठेवावा तसा.
बुडबुडे येत होते, पण एक आला
की दुसऱ्याला इतका उशीर,
की भोइटे फोनवर बोलता बोलता थांबले.
माझे हात चाराची तयारी करून बसलेले.

आले दोन.

सोडला.

वर आले ते मोटारीशिवाय.
छातीशी धरलेला, खार चढलेला
जुना फूटवाल.
"आमच्या आज्याच्या विंजनाचा असंल," भोइटे हसले.
नानाही हसले.
चहा आला. कप त्यांनी उचलला नाही.
दोर अजून कमरेलाच होता,
आणि माझ्या मुठीत तो बारीक थरथरत होता.
ही खूण मला शिकवलेली नव्हती.

मोटार दुपारी निघाली. सातशे रुपये मिळाले.
भंगारवाला मागत होता, तरी नानांनी
तो फूटवाल माणसांपासून लांब, बांधापलीकडं नेला,
दोन्ही हातांनी जमिनीवर टेकवला,
आणि त्याला पाठ न दाखवता
मागे मागे आले.