हिवाळी तपासणी

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी
बाबांचा स्टेथोस्कोप अजून नोकरीवर आहे.
जानेवारीत सकाळी ते तो स्वेटरच्या आत घालून नेतात,
धातू गार लागायला नको, म्हणतात,
जसा काही पेट्यांना शहारा येणार आहे.

सफरचंदांच्या मागे सहा पेट्या, वर वीतभर बर्फ.
एकेकीपाशी गुडघे टेकून ते कान देतात.
आत मेणाच्या काळोखात माश्या एकमेकींना धरून
गेल्या जुलैच्या मधावर थरथरत असतात.
"आहेत," बाबा म्हणतात. पुढची पेटी.
"आहेत."
चौथीपाशी जरा जास्त वेळ.
मग काही न बोलता पाचवीकडे.

मी हेल्टर्माच्या धक्क्यावर फेरीची तिकिटं विकते.
सुटे पैसे मोजता मोजता लोक विचारतात, डॉक्टर कसे आहेत,
आणि आवाज खाली आणून: अजून बघतात का कुणाला?
हाताला गुण होता त्यांच्या.
फी म्हणून धुरी दिलेली वाम यायची, बटाट्याचं पोतं,
किंवा जुनिपरच्या लाकडाची लोण्याची सुरी.
स्वयंपाकघराच्या खणात अशा एकेचाळीस सुऱ्या आहेत.
पावाला लोणी लावणारी माणसं दोन.

समुद्र गोठला की त्याचा रस्ता व्हायचा.
बर्फावर पट्टा बांधायचा नाही,
मध्येच थांबायचं नाही,
पुढच्या गाडीच्या फार जवळ जायचं नाही:
हे आम्हां भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ.
रोगी मागच्या सीटवर, बाबा चाकावर,
पलीकडे, मुख्य भूमीवर, मोठं इस्पितळ.
आई खिडकीत दिवा ठेवायची नाही.
"दिवा बघून बर्फ जाड होतो का?"
ती झोपायची, निदान तसं दाखवायची.
सकाळी मात्र बाबांच्या बुटांत
वर्तमानपत्राचे कोरडे बोळे असायचे.

घरात आल्यावर बॅग कोटाशेजारी टांगायची, हा तिचाच नियम.
घरच्यांनी दवाखान्यात रांग लावायची, इतरांसारखी.
उर्मासला गोवर आला तेव्हा तो नववा होता.
आईने रांग कधीच लावली नाही.
धाप लागते ती जिन्यामुळे, म्हणाली,
आणि अख्ख्या हीउमाच्या छातीला कान लावलेल्या माणसाने
ते जिन्यावर सोडून दिलं.

आमच्या जिन्याला सातच पायऱ्या आहेत.

उर्मास रविवारी ताम्पेरेहून फोन करतो,
इकडे या, म्हणतो, खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे.
बाबा त्याला माश्यांचं सांगतात.
पायऱ्यांबद्दल आम्ही तिघंही बोलत नाही.

आज सहावी झाली आणि ते बाकावरच बसले.
गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या कानांत घातला,
कोटाची तीन बटणं सोडली.
"ऐक."
मी गोल तबकडी टेकवली. आधी नुसती लोकर,
मग खोल कुठेतरी गुरगुर,
फेरीच्या पोटातल्या इंजिनासारखी.
"आहे," मी म्हणाले.
"ते जठर आहे. वर ये. डावीकडे.
आणि आधी तळहातात धरून ऊब द्यायची असते."

मी ऊब दिली. वर गेले.
"चौथीचं काय, बाबा?"
"ऐकताना बोलायचं नसतं."