गोडी छाटणी

अथणीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा
पिशवीत हॉटेलचं कॅलेंडर होतं.
ऑक्टोबरच्या पानावर परदेशातली एक टेकडी,
पिवळी पानं, वेताच्या टोपल्या, काळे घड
आणि जांभळ्या पायांनी हसणारी माणसं.
पुण्यात सहा वर्षं मी बाटल्यांची बुचं काढतोय.
गिऱ्हाइकाला सांगतो : आधी जांभूळ लागेल,
मग जरासं लवंगेचं, शेवटाला ओलं लाकूड.
यातलं सगळं पाठ केलेलं.
द्राक्षाची बाग पाहिली नव्हती.

दसरा झाला, रजा टाकली,
तेलसंगच्या अलीकडं जिनगोंडा पाटलांच्या चार एकरात आलो,
सुगी बघायला.

जिनगोंडांनी कॅलेंडर लांब धरलं, जवळ धरलं,
मग बागेकडं बघितलं. मीही.
तारांवर हिरवं काही नव्हतं.
ओळीमागून ओळ नुसत्या काड्या,
खाली पानांचा खच, त्यात शेळ्या.
"सुगी म्हणता? माघात या की ओ.
आत्ता कापाय लागलोय."

आठ बाया कात्र्या घेऊन ओळीत.
कट. कट. मग थोडं थांबून कट.
कलव्वाला मराठी येत नाही, मला कन्नड.
तिनं काडीवरचा एक फुगवटा नखानं दाखवला :
"कण्णु."
मी म्हणालो, डोळा?
"हां, डोळा बी म्हणत्यात," पाटील मागून म्हणाले,
"दोन्हीकडं डोळाच."
कलव्वानं पंजा उघडून पाच बोटं दाखवली.
पाच डोळे ठेवायचे, पुढचं उडवायचं.
मी एक काडी कापली, सात राहिले.
तिनं न बोलता दोन कमी केले.

कापल्या टोकाला थेंब आला.
पुसला, तर पुन्हा आला.
"रडती ती," पाटील म्हणाले. "रडायलाच पायजे.
न्हाई रडली तर मुळं झोपलीत म्हणायचं."
मागून दोघी हातमोजे घालून,
डब्यातलं लाल औषध फडक्यानं डोळ्यांना लावत होत्या,
सगळे एकदम जागे व्हावेत म्हणून.
त्याचा वास माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.

थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.
पाणी.
थांबलो, अजून काही येईल म्हणून.
पाणीच.

सूर्य टेकायच्या आत पाटलांचं जेवण उरकतं.
मलाही चार वाजता बसवलं बांधावर :
भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही.
विचारलं, तुमच्या द्राक्षांची ती कधी चाखलीत?
"आमच्यात चालत न्हाई," म्हणाले. "आजोबांपासून न्हाई.
पर एकदा कंपनीत टाकी बघितली. शाळंतल्या दौतीगत रंग.
ट्रक येतो, वजन होतं, साखर मोजत्यात,
चोवीसच्या खाली आली की पैसा कापत्यात.
मग आमचा संबंध संपला."

त्यांनी ऑक्टोबरचं पान उलटं केलं,
पाठीवर पेनानं लिहिलं :
छाटणी, ओळ १ ते ३०, आजची तारीख,
खाली एकशे पंचवीस दिवस,
आणि परत दिलं नाही, खिशात ठेवलं.

निघताना कलव्वानं काहीतरी विचारलं.
बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.
"ती म्हणतीया, तुमी ते रोज पाजता,
तर लई गोड असतं का?"

जांभूळ, लवंग, ओलं लाकूड
ओठापर्यंत आलं.
कन्नडमधला एकच शब्द येत होता.
"इल्ला."

तिनं माझ्याकडं बघितलं,
मग हातातल्या काडीकडं, मग पाटलांकडं,
जणू आम्ही दोघं मिळून काहीतरी लपवतोय.
पाच मोजले. कात्री लावली.
अजून अकरा ओळी राहिल्या होत्या
आणि उजेड उतरायला लागला होता.