बर्फफोडं

तालिनच्या बंदर-कचेरीत, चौथ्या मजल्यावर
मारिका उघडते 'जहाज' नावाचा क्लास.
सहा हजार ओळी.
तिकीट यानंच फाडायचं, वारा यानंच मोजायचा,
खलाशांचा पगार, कॅन्टीनमधलं सूपसुद्धा
याच्याच गळ्यात.

आणि याच्या पोटी जन्मलेलं बर्फफोडं.
वारशात आलेलं 'प्रवासी चढव'
त्याला कधी जमलंच नाही.
हिवाळ्यात कुणी चुकून हाक मारली
की रात्री तीनला कोसळायचं,
आणि फोन वाजायचा उर्मासचा.

उर्मास गेल्या वर्षी निवृत्त झाला.
त्याचं ठिगळ उरलंय, ओळ ४११२:
'इथं शून्य परत करा. कारण विचारू नका.'

ती विचारते.
आधी चाचण्या लिहिते, मग हलक्या हातानं
पगार सोडवते, सूप सोडवते,
तरंगणं वेगळं, माणसं नेणं वेगळं;
जमतं तेवढंच ज्यानं त्यानं कबूल करावं.

दुपारचे चार, बाहेर काळोख.
'जहाज' आता नव्वद ओळींचं.
बर्फफोडं कुणाचंच मूल नाही,
नुसतं बर्फ फोडतं.

ठिगळ पुसताना ती थबकते,
उर्मासला फोन लावते:
"आज निवांत झोपा."
तो म्हणतो, "सवय मोडलीय गं."