गुरुवारची सुट्टी

भोसरीत गुरुवारी वीज बंद,
म्हणून आमची सुट्टी गुरुवारची.
शाल्मलीची रविवारची.
बारा वर्षं आम्ही मायलेकी
एकाच घरात वेगवेगळ्या वारी मोकळ्या होतो.

गुरुवारी मी तिचे मोजे जोडीनं लावायची,
दप्तराचा उसवलेला बंद शिवायची,
दुपारी तिच्या रिकाम्या पलंगावर
अर्धा तास आडवी व्हायची.
रविवारी ती आणि तिचा बाबा तळजाईवर,
मी पीएमटीनं नाशिक फाट्याला.

माझं काम मापांची मापं काढायचं.
व्हर्नियर येतात, मायक्रोमीटर, प्रेशर गेज,
मी सांगते कोण किती खोटं बोलतंय.
सगळेच बोलतात. किती, ते लिहून द्यायचं,
खाली सही.
खोली कायम वीस अंशांवर,
भर मे महिन्यात अंगात स्वेटर.
पोलादाचा ठोकळा नुसता बोटांत धरला
तरी बोटांच्या उबेनं वाढतो,
म्हणून हातमोजे, चिमटा, आणि थांबणं.
नव्या मुलींना मी आधी थांबणंच शिकवते.

शिवाजीनगरच्या कोर्टात समुपदेशक बाईंनी विचारलं,
मुलीला आठवड्याला किती वेळ देता?
मी म्हटलं, एकवीस तास, अधिक-उणे तीन.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
श्रीरंगनं गोल आकडा सांगितला
आणि तो खरा वाटला.
राग नाही आता.
आमटीत मीठ किती कमी, तो किती मिनिटं उशिरा,
हे मला बिनचूक कळायचं.
उठून चिमूटभर मीठ टाकायचं
तेवढं राहून जायचं.

एकोणीस वर्षं प्रमाणपत्रांवर
वृंदा हसबनीस अशी सही केली.
मग वृंदा खिरे.
चिंचवडच्या एका कारखान्यातून फोन आला,
या खिरे कोण? आम्हाला हसबनीस बाईंचीच सही हवी.
म्हटलं, त्या आता इथे नसतात.
मी त्यांच्याच हाताखाली तयार झालेय.

कुठल्याही नावाची असो,
माझ्या सहीला आयुष्य एक वर्षाचं.
पुढल्या वर्षी पुन्हा तपासा.

सहकारनगरच्या घरात दाराच्या चौकटीवर
पेन्सिलीच्या रेघा होत्या, शाल्मलीच्या उंचीच्या.
त्यानं रंग काढला. काढणारच, घर त्याचं.
आकडे माझ्या वहीत आहेत, मिलिमीटरमध्ये.
सातव्या वर्षी अकराशे त्र्याऐंशी.
गुरुवारीच मोजायची, शाळेआधी,
कारण सकाळी माणूस जरा उंच असतं,
दिवसभरात खचतं.
स्वतःची उंची मी कधी लिहिली नाही.

परवा त्या वीस अंशांच्या खोलीत
मला एकदम घाम फुटला, कानामागून मानेवर.
स्वेटर काढला, हातमोजे काढले,
तरी चेहरा पेटलेला.
रुबिना ठोकळे मांडत होती,
दोन वर्षं झाली तिला, अजून मान वर न करता बोलते.
म्हणाली, मॅडम, जरा बाहेर बसता?
तुमच्यामुळे खोली वाढतेय.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले.
समोर ट्रकमधून पत्रे उतरवत होते, ऊन मी म्हणत होतं,
आणि मला इतकं हसू आलं
की चहावाल्यानं वळून पाहिलं.
आत रुबिना थांबली असणार,
पारा खाली येईपर्यंत,
घड्याळाकडे न बघता.

आज गुरुवार.
शाल्मलीचा फोन सकाळीच, नागपूरहून.
रजा काढलीय म्हणाली, सहज.
कैऱ्या आणल्यात.
आई, साखरांब्याला साखर किती घालतेस?

अंदाजानं, मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ शांतता.
मग तिनं विचारलं,
तू बरी आहेस ना?