वजन कुठंय ह्याचं

टेबल एकशेदहा सेंटिमीटर.
त्यातले साठ स्क्रीनचे,
दोन्ही कडांना दोन स्पीकर, वीतभर उंचीचे,
आणि स्क्रीनच्या पायापाशी
उरते जागा एका पुस्तकाची. तेही बेताच्या.
तेवढ्यात मावेल असा अँप्लिफायर हवा होता मला.

सबवूफर भावाचा. टाम्पेरेला जाताना
जिन्याखाली ठेवून गेला,
"फेकू नकोस," एवढंच म्हणाला.
म्हणजे टेबलाखालचा तो काळा ठोकळा आधीच ठरलेला,
त्याचे कोपरे माझ्या नडग्यांना पाठ.

हेइकी लेपासारच्या दुकानात
डिसेंबरचे साडेतीन, म्हणजे रात्रच.
काउंटरवर त्याने तीन डबे मांडले.
पहिल्यातून सबवूफरकडे वाटच निघत नव्हती.
दुसऱ्यात होती, पण इकडे आवाज कमी केला
तरी तिकडे सब आपल्याच घुमीत,
जेवण संपलं तरी बोलत बसणाऱ्या पाहुण्यासारखा.
तिसरा राखाडी, साबणाच्या डबीहून जरा मोठा,
मागे हवं ते भोक, पुढे एकच बटण.
"पन्नास वॉट," हेइकी म्हणाला.
हातभर अंतरावरून ऐकणाऱ्या बाईला किती लागतात?
तो जरा लाजला.
"अर्धा," म्हणाला. "सणासुदीला एक."

उरलेले एकोणपन्नास मी कशासाठी घेतले
ते मला अजून सांगता येत नाही.

कालामायातलं लाकडी घर, शंभर वर्षांच्या फळ्या,
वरच्याने शिंकावं, खालच्याने रुमाल शोधावा.
वायरींची टोकं सोलली, लाल ती लाल, काळी ती काळी,
आणि काही लावायच्या आधीच तो बोलू लागला:
घुंऽऽ, बारीक, चिकट,
काच आणि पडदा यांच्यात अडकलेल्या माशीसारखा.
आवाज शून्यावर नेला. हत्ती गेला, शेपूट राहिलं.
चौदा दिवसांत परत करता येतो.
पावती ड्रॉवरमध्ये ठेवली, वरच, सापडेल अशी.

मग चेलो लावला, घुं झाकण्यापुरता.
पहिल्याच खर्जाला
खालून झाडूचा दांडा. ठक.

उर्वे किविसेल्ग, वय एक्याऐंशी,
लोकरी मोज्यांत जिना चढून वर आली.
माझी माफी ओठांवर तयार होती,
तिने ती घेतलीच नाही.
अँप्लिफायर उचलला, तळहातावर तोलला
बाजारात कोबी तोलतात तसा.
"वजन कुठंय ह्याचं?"

एकवीस वर्षं तिने रेडिओच्या कारखान्यात
डाग दिले. मनगटावर एक स्वतःलाही.
तिथला ट्रान्सफॉर्मर दोघींनी मिळून उचलायचा,
एकीला दिवस गेले असले की
तिसरी न सांगता पुढे यायची.
मी म्हटलं, आता तसं नसतं,
आत वीज नुसती चालू-बंद होते,
सेकंदाला लाखो वेळा.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं विणकाम म्हणजे नुसती भोकं
असं मी म्हणाले होते.

मग वाकली, लॅपटॉपच्या कडेवरून
बोट फिरवलं, अगदी हलकं,
आणि चार्जर उपटला.

शेगडीतलं लाकूड खचल्याचं ऐकू आलं.
तिच्या श्वासातली शिट्टीसुद्धा.

सबचं बटण तिनेच मागे फिरवलं, अर्ध्याच्याही अलीकडे.
"माझ्या कपाटात सहा ग्लास आहेत," म्हणाली.
"तिसरा तुझ्या चेलोबरोबर गातो.
बाकीच्या पाचांना झोप येत नाही."
जाताना सबखाली घालायला
जुन्या बुटाचा नमदा दिला, कात्रीने चौकोनी केलेला.

चौदावा दिवस कधीच उलटला.
पावती अजून वरच आहे.
बॅटरी संपत आली की मी ऐकणं थांबवते,
कधी ऐन सुरावर.
खालून एक ठक आली की खर्ज उतरवायचा,
एवढं न बोलता ठरलं आहे.

काल दोन आल्या.
बटणाकडे गेलेला हात तसाच राहिला.
दोनचं आमचं काहीच ठरलेलं नाही.